किल्ल्यावरचा चिकट मावळा

दोस्तांनो, दसरा झाला की तुमच्या डोक्यात काय घोळायला लागतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. सहामाही परीक्षा? छे! ती आम्हा बाईंच्या डोक्यात असते. तुमच्या डोक्यात असतो किल्ला! विटा कुठून आणायच्या, माती कुठल्या बांधकामावर मिळेल, अळीव पेरायचे की मोहरी, यंदा राजगड करायचा की सिंधुदुर्ग... हो ना?

मग कुणीतरी स्टुलावर चढतं आणि माळ्यावरचा डबा खाली काढतं. गेल्या वर्षीचे मावळे, हत्ती, घोडे, तोफा त्यात झोपलेले असतात. झाकण उघडतं आणि... ई! हत्तीला हात लावला की बोटं चिकटतात. वाघ मावळ्याच्या पाठीला घट्ट बसलेला. मातीचे मावळे मात्र ठणठणीत! फार तर एखाद्याची तलवार तुटलेली. चिकट होतात ती फक्त मऊ, रबरासारखी दिसणारी खेळणी.

असं का होतं? आणि झालंच, तर काय करायचं? आज त्याचीच गोष्ट सांगते.

सात वर्षांची सात खेळणी

आमची शाळा पिंपरी-चिंचवडच्या कडेला, चाकणच्या वाटेवर आहे. आजूबाजूला कारखाने आणि कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या खोल्या. बऱ्याच खोल्यांवर पत्रे. एप्रिल-मे महिन्यात त्या पत्र्याखाली बसून बघा, म्हणजे भट्टी कशाला म्हणतात ते कळेल!

गेल्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी दप्तरातून बिस्किटांचा प्लॅस्टिकचा डबा घेऊन आली. तिचं कुटुंब मराठवाड्यातून कामासाठी इकडे आलेलं. इथे आल्यावर दर दिवाळीला तिचे वडील तिला किल्ल्यासाठी एक खेळणं घेऊन द्यायचे. एकच, पण दर वर्षी. सात दिवाळ्या, सात खेळणी. दोन मावळे, एक घोडेस्वार, हत्ती, उंट, वाघ आणि एक गाय. ती त्यांना वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत घालून, डब्यात ठेवायची आणि डबा माळ्यावर, म्हणजे थेट पत्र्याखाली.

त्या दिवशी डब्यात सातांचा एकच गोळा झाला होता. हत्तीच्या पोटावर वर्तमानपत्राची अक्षरं उलटी उमटलेली!

"बाई, आई म्हणाली टाकून दे, नाहीतर होळीत जाळू. टाकू का?" तिनं विचारलं. डोळे भरलेलेच होते.

मी म्हटलं, "थांब बाळा, आधी बघू तरी."

मी असं का म्हटलं, तेही सांगते. लहानपणी माझी एक रबरी बाहुली अशीच चिकट झाली होती. मी शहाणपणा केला. नेलपॉलिश काढायच्या औषधानं तिला खसाखसा पुसलं. चिकटपणा गेला, पण त्याबरोबर बाहुलीच्या भुवया गेल्या, ओठ गेले आणि तिचे कडक प्लॅस्टिकचे डोळे मोतीबिंदू झाल्यासारखे पांढुरके झाले. दोन दिवसांनी चिकटपणा परत आला. भुवया काही परत आल्या नाहीत. म्हणून या वेळी मी घाई केली नाही.

ही घाण नव्हे, हे तेल!

शाळा सुटल्यावर त्या मुलीचे वडील तिला न्यायला आले. ते चाकणच्या एका वर्कशॉपमध्ये प्लॅस्टिकचे भाग बनवायच्या मशीनवर काम करतात. मी त्यांना डबा दाखवला. त्यांनी हत्तीवर बोट फिरवलं, बोटं एकमेकांवर घासली आणि म्हणाले, "मॅडम, ही घाण नाही. दाण्यातलं तेल सुटलंय."

एका वाक्यात त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं. आपण ते जरा उलगडून पाहू.

मऊ खेळणी बहुतेक वेळा पीव्हीसी नावाच्या प्लॅस्टिकची असतात. आपण त्यांना 'रबरी' म्हणतो, पण त्यात रबर नसतं. पीव्हीसी मुळात कडक असतं. नळाचा तो राखाडी पाइप आठवा, तोही पीव्हीसीच. मग त्याच प्लॅस्टिकची मऊ वायर, रेनकोट, रेक्झिन किंवा हत्ती कसा होतो? त्यात एक तेलकट पदार्थ मिसळतात. त्याला म्हणतात प्लास्टिसायझर. कारखान्यातली माणसं सरळ 'तेल' म्हणतात.

कणीक मळताना आई तेल का घालते? पोळी मऊ व्हावी म्हणून. तसंच हे. पीव्हीसीचे रेणू लांबलचक साखळ्यांसारखे असतात आणि एकमेकांना घट्ट धरून बसतात. तेलाचे छोटे रेणू त्यांच्यामध्ये शिरले की साखळ्या एकमेकींवरून घसरू लागतात आणि वस्तू मऊ होते. शंभर ग्रॅमच्या मऊ वस्तूत असं तेल तीस-चाळीस ग्रॅमसुद्धा असू शकतं!

पण गंमत अशी, की हे तेल साखळ्यांना पक्कं बांधलेलं नसतं. नुसतं मध्ये बसलेलं असतं. वर्षं जातात तसं ते हळूहळू बाहेर झिरपतं. उन्हानं, उकाड्यानं आणखी भराभर. बाहेर आलं की पृष्ठभागावर चिकट थर होतो. त्याच्यावर धूळ बसते आणि आपल्याला वाटतं, खेळणं मळलं!

मऊ पीव्हीसीची कहाणीही मजेदार आहे. १९२६ साली अमेरिकेत वॉल्डो सेमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ बी. एफ. गुडरिच या कंपनीत काम करत होते. त्यांना हवा होता रबर धातूला चिकटवणारा पदार्थ. त्यासाठी त्यांनी पीव्हीसी एका द्रवात तापवलं. तयार झाला चेंडूसारखा उसळणारा मऊ गोळा, पण तो चिकटवायच्या कामाचा नव्हता! चिकट पदार्थ शोधताना न चिकटणारा सापडला, आणि आता तोच म्हातारा झाला की आपल्या हाताला चिकटतो. आहे की नाही गंमत?

कंपासपेटीतला चोर

तुम्हाला अजून खरं वाटत नसेल, तर तुमची कंपासपेटी उघडा. पांढरा, मऊ खोडरबर पारदर्शक कडक पट्टीला कधी चिकटलाय का? ओढून काढल्यावर पट्टीवर खड्डा पडलेला दिसतो. हाच तो चोर! असे बरेचसे खोडरबरही मऊ पीव्हीसीचे असतात. त्यातलं तेल पट्टीच्या प्लॅस्टिकमध्ये शिरतं आणि ते प्लॅस्टिक मऊ पडतं. चांगल्या खोडरबरावर कागदाचं वेष्टण असतं, ते नुसतं शोभेसाठी नसतं. आपण मात्र पहिल्याच दिवशी ते फाडून टाकतो!

आणि नवी गाडी? आपल्या भागात गाड्यांना काय तोटा! चाकणला १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. नव्या गाडीच्या समोरच्या काचेवर कधी कधी आतून धुरकट थर दिसतो. उन्हात तापलेल्या प्लॅस्टिकमधून उडालेले पदार्थ थंड काचेवर बसतात, त्याचा तो थर. गाड्यांचे भाग बनवणारे त्याची चाचणीही घेतात. प्लॅस्टिकचा तुकडा काचेच्या भांड्यात ठेवून तीन तास १०० अंश सेल्सियसला तापवतात, वर थंड काच ठेवतात आणि काच किती धुरकटली ते मोजतात. म्हणजे त्या मुलीच्या डब्यात जे सात वर्षांत झालं, ते इथे तीन तासांत बघतात म्हणा ना!

हे दुखणं फक्त आपल्या हत्तीचं नाही बरं का. चंद्रावर गेलेल्या अपोलो मोहिमांच्या अंतराळवीरांच्या पोशाखांत पीव्हीसीच्या नळ्या होत्या. पुढे ते पोशाख संग्रहालयात ठेवल्यावर त्या नळ्यांतूनही चिकट तेल झिरपलं. चंद्रावर जाणाऱ्या पोशाखालाही जे टळलं नाही, ते आपल्या वाघाला कुठून टळणार?

आता अंघोळ घालू या

आम्ही दोघींनी ठरवलं, घाई नाही, जबरदस्ती नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर कामाला लागलो. तुम्हीही असंच करा.

आधी खेळणी एकमेकांपासून सोडवा. ओढून तोडू नका. कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा आणि हलक्या हातानं पिरगाळत सुटी करा. पाणी किती कोमट? बाळाच्या अंघोळीला चालेल एवढंच. कढत पाण्यानं खेळणं वाकडं होतं आणि तेल आणखी सुटतं. सेलवर चालणारं खेळणं असेल, तर ते पाण्यात बुडवू नका. ओलसर फडक्यानं पुसा.

मग एका तांब्याभर पाण्यात भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन-तीन थेंब टाका. जुना, मऊ दातांचा ब्रश किंवा मलमलीचं फडकं त्यात बुडवून हलकेच फिरवा. सुरुवात खेळण्याच्या तळपायापासून करा. तिथला रंग निघत नसेल, तरच पुढे जा. रंग निघायला लागला, तर ब्रश बाजूला ठेवा आणि नुसत्या बोटानं फेस लावा.

स्वच्छ पाण्यानं धुऊन सुती फडक्यानं टिपा. घासू नका, टिपा. पोकळ खेळण्याच्या पोटात पाणी शिरलं असेल, तर भोक खाली करून हलके दाबा. मग स्टीलच्या ताटात, एकमेकांना न टेकता, सावलीत ठेवा. दोन दिवस लागले तरी चालतील. उन्हात मात्र अजिबात नको.

आमच्या सातांपैकी पाच छान निघाले. घोडेस्वाराचा निळा रंग वाघाच्या पोटाला कायमचा लागला. एका मावळ्याच्या चेहऱ्यावरचा रंग वर्तमानपत्राबरोबर आधीच निघून गेला होता. तो काही परत आणता आला नाही. खरं सांगायचं, तर हे समजून घ्यायलाच हवं. सुटलेलं तेल परत आत घालता येत नाही. आपण वरचा थर काढतो, एवढंच. महिन्यांनी थोडा चिकटपणा पुन्हा येईलही. तेव्हा पुन्हा असंच हलकं धुवायचं. पण दर आठवड्याला नको, नाहीतर रंगच उरणार नाही.

"बाई, पावडर लावू का?" तिनं विचारलं. बरेच जण लावतात. हात चिकटत नाही, हे खरं. पण ती तापलेल्या माणसाच्या तोंडावर पावडर लावण्यासारखीच. चेहरा बरा दिसतो, ताप उतरत नाही! शिवाय पावडर तेलात भिजून पांढरे थर बसतात आणि उडालेली नाकात जाते.

ठेवायचं कुठे?

खरी परीक्षा पुढेच आहे. धुतलेली खेळणी पुन्हा त्याच डब्यात, त्याच माळ्यावर ठेवली, तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा गोळा तयार!

पहिली गोष्ट, गारवा. पत्र्याखालचा माळा, फ्रिजची मागची बाजू, गॅसचा ओटा, ऊन येणारी खिडकी, या सगळ्या जागा बाद. कपाटाचा सर्वांत खालचा, आतल्या भिंतीचा कप्पा उत्तम. घरात एकच खोली असेल, तरी जमिनीजवळचा सावलीतला कोपरा माळ्यापेक्षा केव्हाही गार असतो. तुम्हीच हात लावून बघा ना!

दुसरी गोष्ट, अंतर. मऊ खेळण्यांना एकमेकांना टेकू देऊ नका. कडक प्लॅस्टिकलाही नाही. खोडरबर आणि पट्टीची गोष्ट आठवते ना?

तिसरी गोष्ट, खाली काय आणि भोवती काय. वर्तमानपत्रात गरम भजी बांधून आणली की कागदाचं काय होतं? तेल पितो! खेळण्याचं तेलही तो तसंच शोषून घेतो, आणि वर शाई देतो. कापूस आणि स्पंजही तेल ओढतात. प्लॅस्टिकच्या पिशव्याही थोडं पितात. थर्मोकोलला तर हे तेल खड्डे पाडतं. म्हणून खाली हवी तेल न पिणारी वस्तू. स्टीलचं ताट, चिनी मातीची बशी किंवा काच.

आता एक अवघड प्रश्न. डबा उघडा ठेवायचा की बंद?

डेन्मार्कच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयातल्या संशोधक यव्होन शाशुआ यांनी मऊ पीव्हीसीच्या म्हातारपणाचा बारकाईनं अभ्यास केला. २००१ सालच्या त्यांच्या प्रबंधाचा विषयच तो होता. त्यांना असं दिसलं, की तेल न पिणाऱ्या बंद भांड्यात, म्हणजे काचेच्या भांड्यात, तेल बाहेर जाण्याचा वेग मंदावतो. कारण भांड्यातली हवा एकदा तेलाच्या वाफेनं भरली, की आणखी तेलाला जायला जागाच राहत नाही. उघड्यावर उलटं होतं. वर आलेलं तेल हळूहळू उडून जातं. हाताला चिकटपणा कमी लागतो, पण खेळणं आतून लवकर कडक होतं, आक्रसतं आणि कधी तडकतं.

म्हणजे दोन्हीकडे काहीतरी मिळतं आणि काहीतरी जातं. मग ठरवायचं कसं? त्या खेळण्याशी तुम्हाला काय करायचंय, यावरून! दर दिवाळीला किल्ल्यावर उभं करायचं असेल, तर ते सावलीतल्या, हवेशीर फळीवर सुटं ठेवा. फक्त आठवण म्हणून जपायचं असेल, तर पूर्ण वाळवून काचेच्या कोरड्या बरणीत ठेवा. अर्थात बरणीही गार जागीच हवी. गारवा दोघांनाही लागतोच.

हे मात्र नको!

• थिनर, पेट्रोल, रॉकेल, नेलपॉलिश रिमूव्हर, सॅनिटायझर. माझ्या बाहुलीच्या भुवया आठवा!

• तारेची घासणी, राख, कपडे धुवायची पावडर.

• चिकट खेळणं तोंडात घालणं किंवा लहान भावंडाच्या हाती देणं. खेळणी मऊ करायला वापरले जाणारे काही पदार्थ शरीराला चांगले नसतात. म्हणून अनेक देशांनी खेळण्यांत त्यांच्यावर मर्यादा घातली आहे. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. नवं खेळणं घेताना ते चिन्ह शोधा. आणि चिकट खेळणी हाताळल्यावर साबणानं हात धुवा.

• होळीत किंवा शेकोटीत टाकणं. पीव्हीसी जळताना आम्लाचा विषारी धूर निघतो. खेळणं अगदीच गेलं असेल, तर सुक्या कचऱ्यात द्या.

तुमचा प्रयोग

दोन मऊ, पांढरे खोडरबर आणि दोन पारदर्शक, कडक, जुन्या पट्ट्या घ्या. वेष्टण काढा. एकेक खोडरबर एकेका पट्टीवर ठेवून दोऱ्यानं बांधा. एक जोडी उन्हाच्या खिडकीत ठेवा, दुसरी कपाटाच्या खालच्या कप्प्यात. वर तारीख लिहा. महिन्यानं दोन्ही सोडवून बघा. कोणती जास्त चिकटली? कुठे खड्डा पडला? काहीच झालं नसेल, तर आणखी महिना थांबा. खोडरबर पीव्हीसीचा नसेल, तर काही होणारही नाही, पण तेही वहीत लिहून ठेवायचं. वैज्ञानिक असंच लिहितात.

आणि त्या सातांचं काय झालं?

दिवाळीत त्या मुलीनं मला किल्ला बघायला बोलावलं. खोलीसमोरच्या हातभर जागेत तिनं आणि शेजारच्या मुलांनी चाकणचा संग्रामदुर्ग केला होता. हो, आपल्या चाकणचा भुईकोट! १६६० साली शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळा यांनी मूठभर माणसांनिशी हा किल्ला जवळजवळ दोन महिने लढवला. आपण चाकणला कारखाने बघतो, पण हा किल्ला बघायचा राहूनच जातो.

तटावर घोडेस्वार, दारात हत्ती. निळ्या पोटाचा वाघ खंदकाजवळ. मी विचारलं, "आणि तो चेहरा गेलेला मावळा कुठंय?"

तिनं बुरुजाच्या आतली बाजू दाखवली. तो तिथे सावलीत उभा होता. मला वाटलं, चेहरा नाही म्हणून लपवला असेल. मी तसं म्हणालेही.

"नाही बाई," ती म्हणाली. "दुपारी इथं ऊन येतं ना. तो सगळ्यांत जुना आहे. पप्पांनी पहिल्या वर्षी आणलेला. म्हणून त्याला सावलीत ठेवलाय."

भाऊबीज झाल्यावर तिनं सातही जण धुतले, वाळवले. सहा जण पलंगाखाली स्टीलच्या ताटात सुटे ठेवले आणि त्यांच्यावर जाळीचं झाकण घातलं. तो पहिला मावळा मात्र काचेच्या बरणीत गेला. बरणीवर तिनं चिठ्ठी चिकटवली, 'माळ्यावर ठेवू नये.'

या उन्हाळ्यात मे महिन्यात मी मुद्दाम तिच्याकडे जाऊन बघून आले. पत्रा तापला होता, पलंगाखाली मात्र गार होतं. हत्ती हाताला किंचित चिकटला, पण कुणी कुणाला चिकटलं नव्हतं.

तर दोस्तांनो, आज घरी गेल्यावर पहिलं काम काय? मोठ्या माणसाला हाक मारायची आणि माळ्यावरचा डबा खाली काढायचा! आणि हो, खोडरबराच्या प्रयोगात काय दिसलं, ते पत्रानं जरूर कळवा.